दार ओढू नका

४ फेब्रुवारी, शनिवार

ही वही केंद्रातल्या ताईंनी दिली. म्हणाल्या, मनात येईल ते लिही, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण वहीचा कागद चांगला आहे म्हणून गप्प बसले.

सगळा घोळ त्या नर्सने घातला. ती अधूनमधून बाबांचं बीपी बघायला येते. मी तिला चहा देते, बिस्किटं देते, आणि तिने जाऊन युवा केंद्रात माझंच नाव दिलं. 'सतरा वर्षांची मुलगी एकटी वडिलांचं सगळं करते, शाळा संपल्यापासून घराबाहेर पडत नाही.' खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असावं.

केंद्र टायरच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढून गेलं तरी रबराचा वास पाठ सोडत नाही. तिथे मुलांना नोकरीचे अर्ज लिहायला मदत करतात, घर सोडून आलेल्यांची राहायची सोय बघतात, पडद्यामागच्या खोलीत एक बाई नुसतं ऐकून घेते, आणि शनिवारी दुपारी घरातलं आजारी माणूस सांभाळणाऱ्या मुलांचा गट भरतो. मला त्या गटात घातलंय.

मी म्हटलं, "मी कुणाला सांभाळत वगैरे नाही. माझे बाबा आहेत ते."

ताई म्हणाल्या, "बरं. मग शनिवारी नुसती चहाला ये."

"आणि बाबांजवळ कोण बसणार?"

"आम्ही माणूस पाठवू. तुझ्या जागी, तू येईपर्यंत."

माझ्या जागी! मी काय दिव्याचा बल्ब आहे? घरी येऊन बाबांना सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला नको असेल तर मी नाही जात. नको ना?" त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणजे नको आहे. पण ताईंना शब्द दिलाय, एकदा तोंड दाखवून येईन.

६ फेब्रुवारी, सोमवार

लिफ्ट पुन्हा अडकली. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर तासभर आत होते. आम्ही चौथ्यावर राहतो, त्यामुळे बाबांना खाली न्यायचं म्हणजे मला आधी लिफ्टची मनधरणी करावी लागते. बाबा दारात उभे राहून नव्या मेकॅनिकचं काम बघत होते आणि त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. बरोबरच आहे. त्यांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं.

आई गेली तेव्हा मी लहान होते. शाळेला सुट्टी असली की बाबा मला कामावर घेऊन जायचे. मी हत्यारांच्या पेटीवर बसून बॅटरी धरायची. कुणी आत अडकलेलं असलं की बाबा पान्याला हात लावायच्या आधी दाराशी तोंड नेऊन सांगायचे, "मी इथेच आहे. दार ओढू नका. वेळ लागेल, पण उघडेल." एकदा आत एक म्हातारी होती. तिच्या मुलाने बाहेरून पहार घालून दार ओढायला घेतलं. आईच्या काळजीनेच हो. बाबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "आतल्या माणसाला सगळ्यात जास्त इजा बाहेरच्याच्या घाईने होते." मला त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे.

आता त्यांचेच शब्द अडकतात. झटका आला त्याला दोन वर्षं झाली. उजवा हात धड चालत नाही, चार पायांच्या काठीने घरातल्या घरात फिरतात. समजतं सगळं. दवाखान्यात बोलायला शिकवणारी बाई तेव्हा म्हणाली होती, त्यांना वेळ द्या. वेळ काय किराणा दुकानात मिळतो? त्यापेक्षा मी त्यांचा चेहरा वाचायला शिकले. भुवई वर गेली की पाणी, ओठ दाबले की पाठीला उशी. ते 'पा' म्हणायच्या आत पेला हातात असतो. रविवारी आत्याचा फोन येतो, तो मी त्यांच्या कानाला लावते आणि उत्तरं मीच देते. 'बाबा म्हणतात बरं आहे. बाबा विचारतात तुझा गुडघा कसा आहे.' आत्या म्हणते, "फटाकडी, तू आहेस म्हणून त्याचं निभावतंय." संध्याकाळी रेडिओवर जुनी गाणी लागतात, ती त्यांना फार आवडतात. मी आवाज मोठा करते आणि ते डोळे घट्ट मिटून बसतात.

११ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या जागी आला तो माणूस म्हणजे एक मोठं पोट आणि त्यामागून सावकाश येणारे काका. मी त्यांचं नाव बदलीकाका ठेवलंय. दारातून आत येऊन चपला काढायलाच त्यांना एवढा वेळ लागला की तेवढ्यात मी भात लावला असता. मी त्यांना भुवईचं, ओठांचं, उशीचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हं." एवढंच.

केंद्रात आम्ही सात-आठ जण होतो. ताईंचा नियम असा की तिथे कुणी कुणाचं काम करायचं नाही. आपला चहा आपण करायचा, आपला कप आपण धुवायचा. मी माझा कप धुतला आणि बाकीचे तसेच पडलेले बघवेनात म्हणून तेही धुतले. ताई म्हणाल्या, "हात शिवशिवतात का गं?" मी म्हटलं, हो. मग त्यांनी मला बंद पडलेला पंखा दिला. आतली एक तार सुटली होती, ती जोडली. पंखा फिरायला लागला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी असं दाखवलं की मला त्याचं काही नाही.

जिवाची घालमेल होत होती म्हणून लवकर निघाले. दाराबाहेर पोचले तर आतून कुणीतरी हसत होतं, जाड, खरखरीत आवाजात. शेजाऱ्यांचा टीव्ही असणार. आत गेले तर दोघं सोंगट्या मांडून बसलेले. काका म्हणाले, "तुझे बाबा खेळात फार चिडतात बरं का. मला गाढव म्हणाले."

मी म्हटलं, "बाबा बोलत नाहीत."

"म्हणाले की."

दुपारभर बसून आमची बिस्किटं संपवायची आणि वर थापा मारायच्या. मी बाबांना विचारलं, "दमलात ना? कंटाळलात ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोंगट्या एकेक करून डाव्या हाताने डबीत भरल्या. फारच दमलेले दिसले. उरलेल्या मीच पटकन भरल्या.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज जायचंच नव्हतं, पण पंख्यानंतर आता केंद्रातली इस्त्री बिघडली आहे म्हणे.

गटात एक मुलगा आहे, त्याला सगळे चष्मा म्हणतात. त्याच्या धाकट्या भावाला फिट येतात. चष्मा बोलताना मध्येच अडखळतो, पहिलंच अक्षर त्याच्या जिभेला चिकटून बसतं. आज तो सांगत होता, "भावाला फिट आली की मला भ... भ..." त्याचे ओठ थरथरायला लागले, मला बघवेना. मी म्हटलं, "भीती वाटते."

तो थांबला. मग म्हणाला, "मी ते म्ह... म्हणणार नव्हतो."

"मग काय म्हणणार होतास?"

"आता राहू दे."

आणि उठून पाणी प्यायला गेला. मदत करायला जावं तर ही अशी बोलणी बसतात. हवन करताना हात पोळतात म्हणतात ना, तसं झालं. ताई मला काही बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "तुला थांबवत नाही का गं?" मी म्हटलं, "समोरचा बुडत असेल तर काठावर थांबायचं का?" त्या म्हणाल्या, "तो बुडत नव्हता. सावकाश पोहत होता."

ताईंना अशी वाक्यं लिहून ठेवायची सवय असावी. मी इस्त्री दुरुस्त न करताच आले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांची दाढी केली. बटणं लावली. ते स्वतः लावायला गेले, एका बटणाशी किती वेळ झटत होते, शेवटी मी लावून टाकली. सगळा शर्ट मिनिटात. बाबांनी मग खिडकीकडे तोंड केलं. ऊन चांगलं होतं.

मला चष्म्याचं ते अजून डोक्यातून जात नाही. भ वरून काय असेल? भूक?

२५ फेब्रुवारी, शनिवार

इस्त्री केली दुरुस्त. त्यानंतर ताईंनी मला बाजूला घेतलं. केंद्रातर्फे काही मुलांना वायरमनच्या कोर्सला पाठवतात. दुसऱ्या गावात, तीन महिने, वसतिगृहात राहून. शेवटचा महिना लिफ्टच्या मोटारींवर असतो. त्या म्हणाल्या, "तुझ्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यांपुढे आलंच नाही. तेवढे दिवस काका रोज येतील, रात्रीला तुझी आत्या राहील का विचारू."

एक क्षण, खरं लिहिते, एकच क्षण मला जावंसं वाटलं. मला ती पेटी दिसली, बॅटरी दिसली. मग लगेच बाबांची भुवई दिसली. कोण बघणार ती? मी म्हटलं, "बाबा नाही म्हणतील."

"मी येऊन विचारते त्यांना."

"विचारा."

घरी आल्यावर काका निघाले तेव्हा त्यांना सांगितलं, तर ते पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "त्यांना फार आवडेल." यांना काय, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

१ मार्च, बुधवार

ताई येऊन गेल्या. बाबांसमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि अगदी हळू, एकेक गोष्ट सांगितली. कोर्स, वसतिगृह, काका, आत्या. मग म्हणाल्या, "तुमचं काय मत आहे? पाठवायचं का हिला?"

बाबांनी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. मान ताठ केली. तोंड उघडलं. गळ्याची घाटी वरखाली होत होती, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लालभडक झाला. किती हाल करायचे एखाद्या माणसाचे? मी म्हटलं, "नाही म्हणताहेत ते. त्यांना माझ्याशिवाय जमणार नाही. मी त्यांना ओळखते."

ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं."

"त्यांच्याच मनातलं सांगतेय मी."

बाबांनी डोळे मिटले. मग काठी घेऊन उठले आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. ताई दारात म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत जागा ठेवते."

बाबा जेवले नाहीत. मी घास पुढे केला तर मान फिरवली. मी त्यांना परोपरीने समजावलं, "मी जाणार नाही, बाबा. कुठेही जाणार नाही. तुम्ही काळजी करू नका." तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच. त्या ताईंनी नुसतं नाव काढलं तर ही अवस्था, मी खरंच गेले तर काय होईल? रडू आलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

३ मार्च, शुक्रवार

बाबा अजून माझ्याकडे बघत नाहीत. गाणी लावली तर उशी कानावर घेतली. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, लहानपणी असा रुसायचा तो. कुणी त्याच्या हातातली वस्तू काढून घेतली की." मी म्हटलं, मी काय काढून घेतलंय? ती म्हणाली, "मला काय माहीत, मला तर दोन वर्षांत तुझाच आवाज ऐकू येतो."

म्हातारपणी माणसं काहीही बोलतात.

५ मार्च, रविवार

काल लिहायला झालं नाही. आज सगळं नीट लिहिते.

काल केंद्रात मी चष्म्याला गाठून विचारलंच, "भ वरून काय होतं?" त्याने चहा ढवळला. मी दात ओठांवर दाबून धरले. शप्पथ, असं वाटलं की केस पिकतील. शेवटी तो म्हणाला, "भ... भावाला फिट आली की मला भ... भरपूर खायला लागतं. फिट गेली की. मी आणि तो, दोघं खातो. हसतो." मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

परत आले. लिफ्ट चालू होती, म्हणून बसले. तिसऱ्याच्या वर गेली आणि धक्का बसून थांबली. दिवा गेला. मी लिफ्टवाल्याची मुलगी, मला कसली भीती, असं मनात म्हटलं आणि घंटेचं बटण दाबून हाका मारायला लागले. डोक्याच्या जरा वर चौथ्याचं पोलादी दार होतं, त्याच्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती, बाकी काही नाही. वर काकांचा आवाज आला, "कंपनीला फोन करतो. खाली जाऊन रखवालदारालाही बघतो." मग त्यांचे जिन्यावरचे पाय. सावकाश.

मग काठीचा आवाज. टक, टक.

मी ओरडले, "बाबा, आत जा. पडाल. तुम्ही तिथे थांबू नका." काठी थांबली नाही, दाराशी आली. मी म्हटलं, "बाबा, काय हवंय? पाणी? बसायचंय?" उत्तर नाही. नुसता श्वास. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. भुवई दिसत नव्हती, ओठ दिसत नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदाच बाबांच्या मनात काय आहे हे मला कळेना. मी दाराच्या फटीत बोटं घातली आणि ओढायला लागले.

"ना... नको."

हात जागच्या जागी थांबले.

"दार..." मग किती वेळ काहीच नाही. मी बोलले नाही, कारण काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. "दार... ओढू... नको. मी... इथे... आहे."

तोच आवाज. तो जाड, खरखरीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज. मी लिफ्टमध्ये खाली बसले आणि हमसून हमसून रडले. बाबांनी मला रडू दिलं. बऱ्याच वेळाने वरून आलं, "वेळ... लागेल."

मी म्हटलं, "हो."

"उघ... डेल."

"हो, बाबा."

मग आम्ही बोलत बसलो. म्हणजे मी एक विचारायची आणि थांबायची. मध्ये एवढी शांतता की खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू यायचा. मी विचारलं, "तुम्ही काकांना खरंच गाढव म्हणालात?" थोड्या वेळाने ते हसले. मग स्वतःहूनच काहीतरी सुरू केलं. "तो... रेडि... ओ." मी म्हणणार होते, लावायला सांगू का कुणाला तरी. जीभ चावून धरली. "गाणी... बंद... कर. दोन... वर्षं..." मोठा श्वास. "वीट... आला."

मी अंधारात पोट धरून हसले. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, मोठ्या आवाजात. बिचारा माणूस डोळे मिटून सोसत होता आणि मी आत्याला सांगायची, बाबा कसे तल्लीन होतात.

हसू ओसरल्यावर मी विचारलं. अंधार होता म्हणून विचारता आलं. "बाबा, बुधवारी ताईंना तुम्ही काय सांगणार होतात?"

काठी थोडी सरकली. मी फटीतल्या उजेडाकडे बघत राहिले. मेकॅनिक खाली आल्याचं ऐकू आलं, कुणीतरी काहीतरी ओरडलं, आणि मी मनात म्हणत होते, अजून नको, जरा थांबा.

"मी..." ते म्हणाले. "मी... सांगतो. तिला."

मला नाही सांगितलं. लिफ्ट हलली आणि दार उघडलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते, शर्टाची दोन बटणं उघडी, घामाने भिजलेले. त्यांनी आधी मेकॅनिककडे बघितलं आणि त्याच्याबद्दल एक शब्द उच्चारला. तो अजिबात अडकला नाही. तो मी इथे लिहिणार नाही.

९ मार्च, गुरुवार

उद्या शेवटचा दिवस, म्हणून आज फोन लावला. दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात होऊन जाईल असं वाटलं. ताईंनी उचलल्यावर मी एवढंच म्हटलं, "बाबांना बोलायचंय," आणि फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. कानाला लावायलाही गेले नाही. मी समोर स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

ताई पलीकडे थांबल्या असणार. मीही थांबले. बाबांचा चेहरा लाल झाला, घाटी वरखाली झाली, डोळ्यांत पाणी आलं. सगळं ताई आल्या होत्या त्या बुधवारसारखंच. मी स्टुलाची कड घट्ट धरली. त्यांचे हाल होताहेत असं मला तेव्हा वाटलं होतं. ते काम करत होते.

"मला..." ते म्हणाले. "भीती... वाटते."

मी उठणारच होते. ताईंना सांगणार होते, बघा, मी म्हटलं नव्हतं? पण बाबांनी कोपर वर केलं, कामात असताना मला करायचे तसं. म्हणजे बॅटरी हलवू नको.

"वाटू... दे," ते म्हणाले. "पाठवतो... तिला."

मग ताई काहीतरी बोलल्या, बाबा ऐकत राहिले, एकदा "हं" म्हणाले, अगदी बदलीकाकांसारखं. फोन खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली.

भुवई म्हणजे पाणी. मी अर्धी उठलेच होते. मग परत बसले आणि विचारलं, "काय, बाबा?"

त्यांना बराच वेळ लागला. मी थांबले.

"दूध," ते म्हणाले.

तोवर ते सगळं शेगडीवर होतं.